वाइन पर्यटन (महाराष्ट्र)

द्राक्षबागा आणि वाइन तयार करणारे कारखाने (वायनरी) यांना भेट देऊन तेथील वाइन जागेवरच चाखून पाहण्यासाठी केलेल्या प्रवासास वाइन पर्यटन असे म्हणतात. महाराष्ट्रात या पर्यटनाचे मुख्य केंद्र नाशिक जिल्हा आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज आणि पुणे जिल्ह्यातील काही भागांतही ते आढळते. सांगली जिल्ह्यातील पलूस येथे शासनाने वाइन उद्योगासाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र राखून ठेवले. पलूस, कुंडल, तासगाव हा परिसर द्राक्षांसाठी देशभर ओळखला जातो; तरीही वाइन चाखण्यासाठी प्रवासी येथे क्वचितच येतात. द्राक्षे असणे, वाइन तयार होणे आणि ती वाइन लोकांना माहीत होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिक आणि कृष्णाकाठ यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

संज्ञा

द्राक्षाच्या रसाचे किण्वन करून जे मद्य मिळते, त्याला वाइन म्हणतात. यीस्ट या सूक्ष्मजीवांमुळे रसातील साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत होते. वाइनचे ऊर्ध्वपातन करीत नाहीत. त्यामुळे तिच्यातील अल्कोहोलचे प्रमाण सामान्यतः ११ ते १४ टक्के एवढेच राहते. व्हिस्की, रम, ब्रँडी ही ऊर्ध्वपातित मद्ये असून त्यांतील प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते.

मराठीत वाइनसाठी रूढ असा देशी शब्द नाही. ‘द्राक्षासव’ हा शब्द सुचण्यासारखा आहे. पण तो आयुर्वेदातील एका औषधी आसवाचे नाव म्हणून आधीच स्थिरावलेला आहे. त्या आसवात धायटीची फुले घालून आंबवण्याची क्रिया घडवतात आणि ते औषध म्हणून मापाने घेतले जाते. ‘दारू’ हा शब्द ताडीपासून व्हिस्कीपर्यंत सर्वांना सरसकट लागू होतो. भरीस भर म्हणजे महाराष्ट्रात ज्या दुकानांवर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, तेथे प्रामुख्याने वाइनखेरीज इतर मद्येच विकली जातात. या शब्दगोंधळाचा परिणाम केवळ भाषेपुरता राहिलेला नाही. वाइनविषयीच्या सार्वजनिक चर्चेत दोन्ही बाजू अनेकदा एकाच शब्दाने निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

जगातील आरंभ

वाइनच्या गावी जाऊन वाइन घेण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. परंतु ‘वाइन मार्ग’ आखून प्रवाशांना बोलावण्याची पद्धत विसाव्या शतकातील आहे. जर्मनीतील पॅलेटिनेट प्रदेशात १९३५ मध्ये असा मार्ग जाहीर करण्यात आला. फ्रान्समधील अल्सास प्रदेशाचा वाइन मार्ग १९५३ मधील आहे. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथील बागायतदारांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन आपल्या बागा प्रवाशांसाठी खुल्या केल्या.

नव्या वाइनचा शोध चाखण्यातूनच लागतो, याचे सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे घडले. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातील वाइनची तुलना योजली. बाटल्यांवरील नावे झाकून फ्रेंच परीक्षकांना त्या चाखण्यास दिल्या. पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलिना आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स या दोन्ही कॅलिफोर्नियातील वाइन पहिल्या आल्या. तोपर्यंत फ्रान्सबाहेर उत्तम वाइन होऊ शकत नाही, अशी समजूत होती. नाव दिसत असते, तर परीक्षकांनी हाच निकाल दिला असता असे मानणे कठीण आहे. या घटनेनंतर कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याचे नाव जगभर झाले आणि तेथील प्रवाशांचा ओघ वाढत गेला.

महाराष्ट्रातील वाटचाल

आधुनिक काळात महाराष्ट्रातील वाइननिर्मितीची सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. त्या वेळी देशात वाइन पिणारा वर्ग अत्यल्प होता. त्यामुळे भारतात झालेली वाइन आधी परदेशात चाखली गेली आणि नंतर येथे ओळखीची झाली.

नाशिकचा काळ त्यानंतरचा आहे. राजीव सामंत यांनी नाशिकजवळील कुटुंबाच्या जमिनीवर बाग लावून ‘सुला’ ही वायनरी सुरू केली. हे नाव त्यांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेले आहे. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले. २००० मध्ये त्यांच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. पुढील काही वर्षांत अनेक द्राक्ष बागायतदार वाइनच्या धंद्यात उतरले.

या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा बहुधा शासकीय धोरणापेक्षा एका खोलीचा आहे. सुलाने २००५ मध्ये बागेतच चाखणी कक्ष उघडला. भारतात मद्याच्या जाहिरातीस बंदी आहे. वर्तमानपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर आपल्या वाइनचे गुण सांगण्याची सोय उत्पादकाला नाही. दुकानातील फळीवर बाटली ठेवली तरी अपरिचित नाव आणि फ्रेंच भाषेतील द्राक्षवाण वाचून गिऱ्हाईक ती उचलण्यास धजत नाही. कारण बाटली महाग असते आणि एकदा उघडली की ती परत देता येत नाही. चाखणी कक्षात मात्र बाटलीच्या किमतीच्या मानाने थोड्या पैशांत पाच-सहा वाइनचे घोट घेऊन पाहता येतात. मुंबई-पुण्याहून सुट्टीसाठी आलेल्या हजारो लोकांनी आयुष्यातील पहिली वाइन अशी चाखली. २००८ पासून तेथे संगीत महोत्सवही भरू लागला, नंतर राहण्याची सोय झाली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. ती आपल्या हिशेबात वाइन पर्यटनाचे उत्पन्न वेगळे दाखवते.

गंगापूर धरणाच्या आसपास यॉर्क, सोमा. निफाड तालुक्यात रेव्हेलो. इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. दिंडोरी तालुक्यात शाँदों अशा वायनरींमुळे नाशिकमध्ये दोन-तीन दिवसांचा प्रवास आखता येतो. एकच द्राक्षवाण निरनिराळ्या हातांत कसा बदलतो, हे एका दिवसात कळणे हा या दाटीचा खरा फायदा आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी आहे. या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा असून इटलीतील, दिल्लीतील आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील भावांनी मिळून ती उभारली. पिएरो मासी हे इटालियन वाइनतज्ज्ञ तिच्याशी आरंभापासून निगडित होते.

वाटचाल सरळ नव्हती. २००८ मधील जागतिक मंदी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेले आणि पर्यटन यांना फटका बसला. वाइनची मागणी घटली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, काही वायनरींनी करार करूनही द्राक्षे उचलली नाहीत. नारायणगावची कंपनीही पुढे अडचणीत येऊन बंद पडली.

चाखणी

वाइन चाखणे आणि वाइन पिणे या भिन्न क्रिया आहेत. चाखणीत एका वाइनचे प्रमाण तीस ते पन्नास मिलिलिटर इतकेच असते आणि अनेक वाइन चाखायच्या असल्यास घोट तोंडात फिरवून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. आपल्याकडे पाहुण्यांसमोर थुंकणे असभ्य समजले जाते, म्हणून नवखे प्रवासी त्या भांड्याकडे वळत नाहीत. परिणामी तिसऱ्या-चौथ्या वाइननंतर जिभेचा आणि बुद्धीचा दोहोंचा विवेक कमी होतो. व्यावसायिक परीक्षक एका बैठकीत अनेक वाइन चाखतात ते थुंकूनच.

प्रथम पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग पाहतात. पांढरी वाइन जुनी होताना गडद सोनेरी होत जाते, तर लाल वाइनचा जांभळेपणा जाऊन कडेला विटकरी छटा येते. नंतर पेल्याचा देठ धरून वाइन गोल फिरवतात, म्हणजे सुगंधी द्रव्ये हवेत मिसळतात. मग वास घेतात. चवीचा मोठा भाग प्रत्यक्षात वासाचा असतो, हे सर्दी झालेल्या माणसाला अन्न बेचव लागते यावरून ध्यानात येईल. शेवटी लहान घोट घेऊन तो जिभेच्या सर्व भागांवर फिरवतात आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ टिकते ते पाहतात. पेला अर्ध्याहून कमी भरतात, तो फिरवता यावा म्हणूनच.

क्रमही ठरलेला असतो. फसफसणारी, पांढरी, गुलाबी, लाल आणि अखेरीस गोड अशा क्रमाने चाखतात. कारण लाल वाइनच्या तुरटपणानंतर पांढरीचा नाजूकपणा जाणवत नाही. मधून मधून साधे पाणी आणि पावाचा तुकडा घेतात. चाखणीबरोबर तिखट फरसाण ठेवण्याची हौस काही ठिकाणी दिसते. तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ वाढते आणि लाल वाइन कडवट लागते, म्हणून खरी चव पाहायची असल्यास फरसाण नंतरसाठी ठेवावे.

तापमानाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा युरोपातील संकेत तेथील थंड घरांतून आलेला आहे. तेथे खोलीचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असते. सांगली जिल्ह्यात एप्रिलमध्ये खोलीत ठेवलेली लाल वाइन ३५ अंशांच्या आसपास जाते आणि तिच्यात अल्कोहोलचा वासच प्रथम नाकात शिरतो. अशी वाइन थोडा वेळ शीतपेटीत ठेवणे योग्य. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांना देतात. वायनरीतून घेतलेली बाटली उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहिली, तर काही तासांतच बिघडू शकते. प्रवासात आवडलेली वाइन घरी आल्यावर तशी लागत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

चाखणीच्या काही शिस्तबद्ध पद्धती आहेत. एकाच वायनरीची एकच वाइन निरनिराळ्या वर्षांची घेऊन चाखली, तर हवामानाचा परिणाम समजतो. एकाच वर्षाची, एकाच द्राक्षवाणाची पण वेगवेगळ्या वायनरींची वाइन चाखली, तर जमिनीतील आणि कारागिरीतील फरक समजतो. बाटल्यांना कागद गुंडाळून केलेली चाखणी सर्वांत प्रामाणिक मानली जाते. तिला खर्च लागत नाही, केवळ स्वतःची चूक मान्य करण्याची तयारी लागते.

चवीची मराठी

वाइनचे वर्णन करण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञ अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये ‘गंधचक्र’ तयार केले. त्यात वास गटवार मांडलेले आहेत. परंतु त्यातील अनेक फळे मराठी वाचकाने पाहिलेली नसतात. गूसबेरी न चाखलेल्याने वाइनमध्ये गूसबेरी शोधावी, ही अपेक्षा निरर्थक आहे. मराठीत तर चवींसाठी आणि वासांसाठी शब्दांची वाण नाही: तुरट, आंबटगोड, खवट, उग्र, मातट, घमघमीत, करपट.

या शब्दांना रसायनशास्त्राचाही आधार आहे. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो केवळ भास नव्हे. मिथॉक्सीपायराझिन या गटातील संयुगे मिरचीत आणि या द्राक्षात दोहोंत असतात. याच वाइनमध्ये पिकलेल्या पेरूचा वासही अनेकांना जाणवतो. शिराझ या लाल वाइनमधील मिरपुडीचा वास रोटंडोन या संयुगामुळे येतो आणि काळ्या मिरीतही तेच संयुग असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही ओळख २००८ मध्ये पटवली. मस्कत जातीच्या द्राक्षांत गुलाबाचा गंध देणारे जिरॅनिऑल असते. ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनमध्ये व्हॅनिलाचा गंध लाकडातून येतो, तर काही शार्दोने वाइनमधील लोण्याचा वास डायअसेटिल या संयुगाचा असतो आणि ते खऱ्या लोण्यातही असते. लाल वाइन प्यायल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, तो टॅनिनचा परिणाम. जांभूळ, आवळा, सुपारी किंवा कच्चे केळे खाल्लेल्या माणसाला तो नवा नाही. वाइनविषयीचे ज्ञान परक्या भाषेतच मिळते, ही समजूत चाखणी कक्षांनी फारशी दूर केलेली नाही. बहुतेक ठिकाणी माहिती इंग्रजीत दिली जाते आणि शेजारच्या गावातून आलेला द्राक्ष बागायतदार, ज्याला द्राक्षाची चव त्या माहितगारापेक्षा अधिक कळते, तो गप्प उभा राहतो.

कृष्णाकाठ : कुंडल आणि पलूस

कुंडल हे पलूस तालुक्यातील मोठे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. त्याच्या लगतच किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तेथे कारखाना आणला, तेव्हा तेथील रेल्वे स्थानकाचे नाव ‘कुंडल रोड’ असे होते. डोंगरांवरील पार्श्वनाथांच्या मंदिरांमुळे कुंडल हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे ते मुख्य ठाणे होते. जी. डी. बापू लाड हे प्रतिसरकारचे नेते कुंडलचेच, आणि गावातील सहकारी साखर कारखाना त्यांच्याच नावाने चालतो.

पलूस येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कृष्णा व्हॅली वाइन पार्क उभारले. कल्पना सरळ होती. द्राक्षे येथेच पिकतात, बागायतदार अनुभवी आहेत, मग वाइनही येथेच व्हावी आणि निर्यातीच्या अनिश्चिततेतून शेतकऱ्याला दुसरा आधार मिळावा. प्रत्यक्षात नाशिकच्या मानाने येथे मोजकेच कारखाने उभे राहिले आणि नाशिकसारखी प्रवाशांची वर्दळ कधी सुरू झाली नाही. याची कारणे द्राक्षाच्या मण्यातच शोधावी लागतात.

सांगली जिल्ह्यातील बागा मुख्यतः थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या जातींच्या आहेत. त्यांपैकी ‘तास-ए-गणेश’ ही जात तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे निवडली गेली. ही द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी उत्कृष्ट आहेत: बी नाही, साल पातळ, मणी मोठा. वाइनला नेमके याच्या उलट हवे असते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया आणि रसात साखरेबरोबर पुरेशी आंबटता लागते. रंग, टॅनिन आणि गंध मुख्यतः सालीतून येतात. थॉमसनपासून वाइन होत नाही असे नाही, परंतु ती गंधहीन आणि सपाट होते. म्हणजे उत्तम द्राक्षे पिकवणाऱ्या बागायतदाराला वाइनसाठी नवी बाग लावावी लागते किंवा जुन्या खुंटावर नवे कलम करावे लागते.

येथे खरी जोखीम सुरू होते. खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडला, तर शेतकरी ती शेडवर नेऊन बेदाणा करतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि सुमारे दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. तो शीतगृहात ठेवून भाव येईल तेव्हा विकता येतो. ‘सांगली बेदाणा’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. कॅबर्ने किंवा शिराझ लावणाऱ्याला ही वाट बंद असते. ती द्राक्षे बाजारात कोणी खाण्यासाठी घेत नाही आणि बियांमुळे त्यांचा बेदाणाही होत नाही. वायनरीने शब्द पाळला तरच ती विकली जातात. २००८ नंतर ज्यांची द्राक्षे उचलली गेली नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांनी वेली काढून टाकल्या किंवा त्यांवर पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची कलमे केली. द्राक्षाची बाग उभी करायला मांडव, ठिबक, खुंट आणि दोन वर्षांची वाट असा मोठा खर्च येतो. ती तोडण्याचा निर्णय शेतकरी सहज घेत नाही.

दुसरे कारण ठिकाणाचे आहे. नाशिकला मुंबईचा प्रवासी काही तासांत पोहोचतो, तेथे देवस्थाने, धरणे, हॉटेले आधीपासून आहेत. पलूसकडे येणारा प्रवासी औदुंबर येथे दत्तदर्शनाला, सागरेश्वर अभयारण्यात किंवा कुंडलच्या डोंगरावर दर्शनाला आलेला असतो. त्याच्या बेतात वाइन नसते आणि असावी असे मानण्याचे कारणही नाही. चाखणी कक्षावाचून एखादा लहान कारखाना चांगली वाइन करीत असला, तरी ती मोठ्या नावाखाली दुसऱ्याच्या बाटलीत जाऊ शकते किंवा टाकीत पडून राहू शकते. ती कोणी शोधून काढण्यासाठी आधी कोणी तरी ती चाखावी लागते.

तिसरे कारण स्मृतीचे आहे. प्रतिसरकारने ग्रामराज्य, न्यायदान मंडळे, साधे विवाह यांबरोबर दारूबंदीचा कार्यक्रम राबवला. दारूच्या भट्ट्या बंद करणे हा त्या लढ्याचा भाग होता आणि या पट्ट्यातील घराघरांत त्याच्या कथा सांगितल्या जातात. ज्या गावाने स्वातंत्र्याच्या आधीच दारू हद्दपार करण्याचा प्रयत्न केला, त्याच्या शेजारी शासनाने वाइनसाठी जमीन राखावी, यातील विसंगती येथील जुन्या पिढीला जाणवते. वाइन ही दारू नव्हे, असे सांगून ती दूर होत नाही. कारण अल्कोहोल दोहोंत आहे.

तरीही चव पारखण्याची परंपरा कृष्णाकाठाला नवी नाही. बागायतदार मण्यातील साखर रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्समध्ये मोजतो, पण तोडणीचा दिवस ठरवण्यापूर्वी बागेच्या चारही कोपऱ्यांतील मणी तोंडात टाकून पाहतो. तासगाव आणि सांगली येथील बेदाण्याच्या सौद्यांत खरेदीदार बॉक्समधील नमुना हातावर घेतो, रंग पाहतो, चिकटपणा पाहतो आणि चाखतो. रंग, वास, चव, उरणारी गोडी हा वाइनच्या चाखणीचाच क्रम आहे.

आक्षेप

वाइन पर्यटनास होणारा विरोध मुख्यतः सामाजिक आणि आरोग्यविषयक आहे. मद्य हे कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका मांडली. लाल वाइन हृदयाला हितकारक असते, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई; त्या दाव्याला आता तसा आधार उरलेला नाही. चाखणी कक्षातील माहितीत हा भाग सहसा येत नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फूट किंवा अधिक क्षेत्राच्या सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना लाभ होईल, असे समर्थन करण्यात आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, अनेक संघटनांनी विरोध केला आणि निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही. त्या चर्चेत शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. परंतु राज्यातील एकूण द्राक्षांपैकी फारच अल्प भाग वाइनसाठी जातो, ही गोष्ट क्वचितच सांगितली गेली. सांगलीच्या बागायतदाराचे भवितव्य निर्यात, बेदाणा आणि अवकाळी पाऊस यांवर अधिक अवलंबून आहे.

मद्यसेवनासाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवाना आणि वयाची अट लागू होते. वायनरीतून परतताना वाहन चालवणाऱ्याने चाखणीत भाग न घेणे, हा नियम पाळावाच लागतो. अनेक बागा मुख्य रस्त्यापासून दूर असल्याने त्याकडे दुर्लक्ष होते.

प्रवासाचा काळ

युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात थंडीच्या अभावी वेल पूर्णपणे सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. फळ छाटणीनंतर पाऊस लांबला, तर केवडा रोगाने घड हातचे जातात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात, पहाटेच्या थंडीत होते. बाग, तोडणी आणि गाळप पाहायचे असल्यास हाच काळ योग्य. पायांनी द्राक्षे तुडवण्याचा जो कार्यक्रम प्रवाशांसाठी ठेवतात, तो केवळ गंमतीचा असतो. प्रत्यक्ष गाळप यंत्रांवर होते.

या दिवसांत चाखायला मिळणारी वाइन मात्र आदल्या हंगामाची किंवा त्याहून जुनी असते. पांढरी आणि गुलाबी वाइन तोडणीनंतर काही महिन्यांत बाटलीत जाते, लाल वाइन पिंपात अधिक काळ राहते. समोर उतरत असलेल्या द्राक्षांची वाइन कशी होईल हे पाहायचे असल्यास त्याच ठिकाणी पावसाळ्यात पुन्हा यावे लागते. त्या वेळी बागा हिरव्या असतात, घड नसतात आणि चाखणी कक्षात गर्दी कमी असल्याने प्रश्न विचारायला वेळ मिळतो.